शॉवरखाली तळं साचतं, सीमलेस कोट फुगतो: तोडफोडीआधी काय काय तपासायचं

मायक्रोसिमेंट (सिमेंटचा पातळ लेप) म्हणा, इपॉक्सी म्हणा किंवा आपला जुना घोटलेला आयपीएस, म्हणजे सिमेंटची गुळगुळीत जमीन म्हणा, सांधे नसलेली न्हाणीघराची जमीन हल्ली बऱ्याच जणांना हवी असते. काम छान होतं, फोटो निघतात, आणि एक पावसाळा गेला की फोन येतो: "कोट गेला." जाऊन बघावं तर कोटाचा दोष फार थोडा असतो. मायक्रोसिमेंटचे सगळे थर मिळून जाडी भरते दोन-तीन मिलीमीटर. खालचा उतार चुकलेला असेल, कोब्यात ओल असेल किंवा जमीन पोकळ असेल, तर तेवढ्या जाडीत काहीही झाकलं जात नाही. उलट सगळं उठून दिसतं.

हे काम पुन्हा पुन्हा निस्तरून तपासणीचा एक क्रम ठरून गेला आहे. तोच इथे देतो. सुरुवात फुकटच्या तपासण्यांनी होते, छिन्नी-हातोडा शेवटी. मधली पायरी गाळू नका, कारण एकदा जमीन फोडली की बिघाड नक्की कुठे होता हे कोणालाच सांगता येत नाही आणि मग सगळंच नव्याने करण्याचा दर लागतो.

लक्षणं

यातलं एक किंवा जास्त दिसत असेल तर पुढे वाचा.

- आंघोळ होऊन अर्धा तास झाला तरी एका ठरावीक जागी पाणी उभं राहतं. ते सुकलं की तिथे पांढरट कडा उरते.
- पाणी जाळीपर्यंत येतं, पण जाळीभोवती कडं करून थांबतं.
- कोटावर फोड आलेत, बोटाने दाबले की दबतात.
- वर पाणी नसतानाही एक काळपट डाग कायम ओला दिसतो.
- भिंत आणि जमीन मिळते तिथे केसाएवढी चीर.
- कडेने पांढरी भुकटी, म्हणजे लोणा.
- खालच्या घराच्या छताला पिवळट ओल.

पहिली दोन लक्षणं उताराची. फोड, काळा डाग आणि लोणा ही ओलीची. चीर बहुतेक वेळा हालचालीची. शेवटचं लक्षण असेल तर गोष्ट फक्त फिनिशची राहिलेली नाही; त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे, ते आधी वाचा.

१. जाळी उघडा

खर्च शून्य. जाळी काढा, तिच्या खालच्या नहाणी ट्रॅपमधले केस आणि साबणाचा चिकटा काढा, मग एक बादली पाणी एकदम ओता. पाणी भराभर गेलं आणि आधीचं तळं दिसेनासं झालं, तर उतार ठीक आहे, लाइन तुंबली होती. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण "उतार काढून द्या" म्हणून बोलावलेल्या घरांत निव्वळ ट्रॅप साफ करून परत आल्याचे प्रसंग बरेच आहेत.

तळं तसंच राहिलं तर पुढे.

२. एक तांब्या पाणी आणि खडू

जमीन कोरडी पुसा. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून तांब्याभर पाणी हळू सोडा, दहा मिनिटं थांबा. मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा, म्हणजे पाण्याची कड चमकते. जिथे जिथे पाणी उभं आहे त्याभोवती खडूने रेघ काढा. मधोमध रुपयाचं नाणं आडवं ठेवा. नाणं बुडत नसेल तर ते पाणी वायपरने ओढून टाकण्याजोगं आहे, त्यासाठी जमीन फोडू नका. बुडत असेल तर दुरुस्ती लागणार.

या खडूच्या खुणांचा फोटो काढून ठेवा. पुढे मिस्त्रीशी बोलताना हाच कामाला येतो.

३. लेव्हल ट्यूब

पारदर्शक प्लास्टिकची नळी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. तिच्यात पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि शॉवरच्या तिन्ही भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करून घ्या, साधारण जमिनीपासून मीटरभर उंच. समोरासमोरच्या खुणांना दोरी ताणून बांधा आणि दोरीपासून जमिनीपर्यंतचं माप दर फुटावर घ्या. सगळी मापं कागदावर मांडा.

वाचायची पद्धत अशी. जाळीकडे जाताना आकडा वाढतच गेला पाहिजे. समजा लांबच्या कोपऱ्यात १००० मिमी आलं आणि जाळीकडे जाताना १००७, १०१३, १०११, १०२४ आणि जाळीशी १०३२ असं आलं. तर १०११ वर उंचवटा आहे आणि त्याच्या मागे, १०१३ वर, तळं आहे. जाळीशी शेवटचा आकडा चांगला आला म्हणून उतार बरोबर असं होत नाही. दोन टोकांना स्पिरिट लेव्हल लावून "उतार आहे की" म्हणणारे इथेच फसतात.

किती उतार हवा? शॉवरखाली फुटाला पाव इंच, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत फुटाला दोन सूत. मीटरमध्ये बोलायचं तर मीटरला २० मिमी. तीन बाय चार फुटांचा शॉवर आणि जाळी एका कोपऱ्यात असेल तर समोरचा कोपरा बरोबर पाच फुटांवर येतो; पाच गुणिले दोन, दहा सूत, म्हणजे सव्वा इंच. वर दिलेल्या आकड्यांत जाळीशी १०३२ यायला हवं ते यामुळेच. शॉवरबाहेरच्या कोरड्या भागाला फुटाला एक सूतही पुरतं. आणि जास्त उतार दिला की जास्त चांगलं, असंही नाही. तीन सुतांच्या पुढे गेलात की साबणाच्या पाण्यावर पाय सरकतो आणि आजी-आजोबांचं आंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल डुगडुगतं. सीमलेस जमिनीत पायाला धरायला सांधेही नसतात.

इथे सीमलेसचा एक फायदा सांगून टाकतो. मोठ्या टाइलला चारी बाजूंनी जाळीकडे उतार द्यायचा तर तिरके काप मारावे लागतात, म्हणून टाइलवाले उतार मारून नेतात. कोटाला ती अडचण नाही, जमीन चारी बाजूंनी पसरट वळवता येते. ही सवलत असूनही सपाट जमिनीवर कोट मारला असेल तर तो निव्वळ आळस.

दुरुस्ती: दोन-तीन मिलीमीटरचा उंचवटा ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावून उतरवता येतो. वरच्या बाजूला वॉटरप्रूफिंगचा थर असेल तर मात्र घासू नका, तो फाटेल. खड्डा भरायला पॉलिमर मिसळलेला रिपेअर मॉर्टर घ्या. साधा सिमेंट-वाळूचा माल कडेला शून्यावर आणला की तिथून भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. संपूर्ण जमिनीलाच उतार कमी असेल तर नवा कोबा लागेल, आणि नव्या कोब्याला निदान २५ मिमी जाडी हवी. ती जागा जाळीपाशी नसतेच. म्हणजे एक तर जुना कोबा काढायचा, नाही तर ट्रॅप खाली घ्यायचा. वरून लांबच्या टोकाला सव्वा इंच चढवला तर दाराचा उंबरठा बुडतो आणि पाणी पॅसेजमध्ये येतं, हेही मोजून घ्या.

४. जाळीची पातळी

जाळीभोवतीच्या कड्याचं कारण जवळजवळ नेहमी हे असतं: ट्रॅपची कॉलर, म्हणजे वरची कड, आधी पक्की केली, कोबा नंतर ओतला, आणि कोबा बसल्यावर कॉलर दोन-तीन मिलीमीटर वर राहिली. एक सरळ पट्टी जाळीवर आडवी ठेवा. पट्टी जाळीवर टेकून दोन्हीकडे झुलत असेल तर जाळी उंच आहे. तयार फिनिशपेक्षा जाळी किंचित खाली हवी. म्हणून कोबा ओततानाच वरच्या थरांची बेरीज धरायची: वॉटरप्रूफिंगचे दोन मिमी, मायक्रोसिमेंटचे तीन, म्हणजे कोब्यावर पाच मिमी चढणार. जाळी त्या पाचच्या हिशेबाने बसवायची, नंतर कॉलर कापत बसायचं नाही.

पीव्हीसीवर सिमेंटचा कोट धरत नाही, हे दुसरं. कॉलर सँडपेपरने खरडून, वॉटरप्रूफिंगचा थर कॉलरवर चढवून, वर फिनिश आणि कॉलर यांच्यात तीन-चार मिलीमीटरची फट ठेवून ती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरायची. कोट थेट प्लास्टिकला भिडवला की पहिल्या गरम पाण्याच्या आंघोळीपासून तिथे चीर सुरू होते.

५. ठोकून बघा

हातोडीचा लाकडी दांडा घेऊन वीतभर अंतराने जमीन ठोका. घट्ट जमीन टणक वाजते, सुटलेली डबडब वाजते. जुन्या टाइलवर कोट मारायचा विचार असेल तर ही तपासणी सोडूच नका. डबडब वाजणारी टाइल काढून जागा भरावी लागते. ती तशीच ठेवून वर फायबरची जाळी आणि कोट मारला तर चीर त्याच टाइलच्या कडेने चौकोनी येते, कोणती टाइल ते बोट ठेवून सांगता येतं.

६. प्लास्टिकचा तुकडा

फोड आणि काळे डाग असतील, किंवा नव्याने कोट मारायचा असेल, तर ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा उघड्या कोब्यावर ठेवा, चारी कडा रुंद टेपने पक्क्या चिकटवा, आणि एक दिवस शॉवर बंद ठेवा. सोळा तासांच्या आत उघडू नका. उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा कोबा आजूबाजूपेक्षा गडद दिसला तर कोट मारायचा नाही. डेडलाइन असली तरी नाही.

ओल येते कुठून? आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खाली घेतलेला असतो, सनकन. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे, सिंडर किंवा आता एएसी ब्लॉकचे तुकडे भरतात, त्यावर कोबा. वॉटरप्रूफिंग खड्ड्याच्या तळाला. टाइलच्या सांध्यांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपत राहतं आणि तळाच्या वॉटरप्रूफिंगवर अडून भरावात साठतं. टाइल असताना हे कळत नाही, कारण जशी ओल सांध्यातून खाली जाते तशी थोडी वरही निघून जाते. तुम्ही वरून पीयू सीलरचं झाकण लावलं की तिचा रस्ता बंद. ती वाफ होऊन कोटाला खालून ढकलते.

असा एक फोड पुट्टीच्या पट्टीने उचलला की काय दिसतं ते सांगतो. कोटाचा तुकडा नाण्याएवढा, वरून गुळगुळीत, चांगला कडक. उलटा केला की मागे ओली करडी रेती चिकटलेली. खालच्या कोब्यावर बोट फिरवलं की तीच रेती बोटाला लागते, आणि वास येतो बंद माठाखालच्या जमिनीचा. कोट सुटलेला नाही, त्याने कोब्याची साल सोबत उचलली आहे. अशा जागी नवा कोट कितीही महागाचा आणा, तीच गत.

नवा कोबा असेल तर ओल कोब्याचीच असते. इथे मिस्त्रीशी हमखास वाद होतो. "आठ दिवस पाणी मारलं, झाला की पक्का." पक्का झाला, वाळला नाही. पाणी मारणं थांबवलं की वाळणं सुरू होतं. ढोबळ हिशेब एक मिलीमीटरला एक दिवस, तोही चाळीस मिलीमीटर जाडीपर्यंत. त्यापुढे वेग आणखी मंदावतो. चाळीस मिमीचा कोबा म्हणजे सव्वा महिन्याहून जास्त, हवा कोरडी असेल तर. जुलैत ठाण्या-रत्नागिरीकडे हा हिशेबच धरू नका. असली कामं फेब्रुवारी ते मे दरम्यान घ्यावीत. पावसाळ्यात घ्यावीच लागली तर पंखा लावून ठेवा आणि तारखेवर विसंबू नका, प्लास्टिकवर विसंबा.

भरावातच पाणी असेल तर वाळवून भागत नाही. भराव काढून, तळ सुकवून, तळाला पुन्हा वॉटरप्रूफिंग, शक्य असेल तिथे सनकनच्या तळातून पाणी बाहेर काढणारा छोटा स्पाउट, नवा भराव, उताराचा कोबा, आणि मग कोब्यावर, फिनिशच्या लगेच खाली, वॉटरप्रूफिंगचा दुसरा थर. हा दुसरा थर सीमलेस फिनिशमध्ये ऐच्छिक नाही. त्याच्यामुळे कोब्यात पाणी शिरतच नाही.

७. पाण्याचा थेंब

मोकळ्या कोब्यावर चार-पाच जागी पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात मुरले तर प्रायमर धरेल. मोती होऊन बसले तर तिथे काही तरी आहे: जुना सीलर, सिलिकॉन, डोक्याचं तेल, किंवा ओला कोबा जास्त घोटल्याने वर आलेला सिमेंटचा कमकुवत पापुद्रा. खिळ्याने ओरखडा काढा. भुकटी निघत राहिली तर तो पापुद्राच. यावर उपाय घासणं, ॲसिड नाही. ॲसिड सिमेंट खातं, भेगांत उरतं आणि नंतर वरच्या थरालाही सोडत नाही. (तयार मायक्रोसिमेंटवर बाईंना ॲसिड टाकू देऊ नका हेही याच ओळीत सांगतो. क्षाराचे डाग पडणार असतील तर आंघोळीनंतर वायपर मारा.)

गुळगुळीत टाइलवर थेंब मुरणारच नाही. तिथे सांधे भरून घ्या, इपॉक्सी प्रायमर मारा आणि तो ओला असतानाच वर सिलिका सँड पेरा, म्हणजे पुढच्या थराला पकड मिळते.

८. कोपरे आणि काचेची चॅनेल

भिंत आणि जमीन वेगवेगळी हलतात. त्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे मालाची गोलसर भरणी, मारलेला हवा आणि वॉटरप्रूफिंगच्या दोन हातांमध्ये टेप दाबलेली हवी. नुसता ब्रशने कोपरा रंगवलेला असेल तर चीर येणार, कधी एवढाच प्रश्न.

आणि काच. सगळं काम नीट होतं, मग शेवटच्या दिवशी पार्टिशनवाला येतो आणि चॅनेलसाठी ओळीने भोकं पाडून स्क्रू ठोकून जातो. वॉटरप्रूफिंगला तेवढी भोकं. काळा डाग काचेच्या रेषेत असेल तर दुसरीकडे शोधू नका. चॅनेल चिकटवून बसवता येते, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

९. पाणी भरून ठेवणं

इथपर्यंत काही सापडलं नाही किंवा दुरुस्ती करून झाली, तर पाणी कोंडून बघा. शॉवरच्या तोंडाशी विटा आणि मालाची छोटी पाळ बांधा, ट्रॅपला रबरी टेस्ट प्लग लावा, सगळ्यात उंच जागी इंचभर पाणी येईल इतकं भरा. भिंतीवर पेन्सिलने खूण. शेजारी एका बादलीत पाणी ठेवून तिच्यावरही खूण करा. बादलीत जेवढं उतरेल ते हवेत उडालेलं, ते वजा करायचं. ४८ तास ठेवा, आणि आधी खालच्या घरी सांगून ठेवा.

पाणी उतरलं तर जमीन किंवा कोपरा गळतो. उतरलं नाही, पण प्लग काढून रोजचा वापर सुरू केला की ओल परत येते, तर ट्रॅप किंवा ड्रेनेजचा सांधा. न्हाणीघर चार दिवस बंद ठेवूनही ओल वाढतच असेल तर नळाची दाबाची लाइन. प्लंबरकडून हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

खालच्या छताला ओल आधीच असेल तर स्वतः पाणी भरून ठेवू नका. त्या छताचा गिलावा फुगला असेल, पडला असेल किंवा गंजलेली सळई दिसत असेल, तर फिनिशवाला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, आणि तो बघून जाईपर्यंत तिथली आंघोळ बंद. छताच्या ओलीत लाइटचा पॉइंट असेल तर पहिल्यांदा तो एमसीबी खाली करा, मग फोन करा.

ट्रॅप खाली घ्यायचा असेल तर त्याचा पाइप कुठून जातो ते बघा. जुन्या इमारतींत तो खालच्या घराच्या छताखालून जातो; तिथे त्यांच्या घरात शिरल्याशिवाय काम होत नाही, म्हणजे सोसायटीची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या न्हाणीघराची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या, त्यामुळे गळती नक्की कुठली आहे हे लेखी घेतलेलं बरं. नव्या टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट टेन्शनचा असू शकतो. तिथे ड्रॉइंग बघितल्याशिवाय जमिनीत ड्रिल लावायचाच नाही. आतली ताणलेली केबल तुटली तर ते काम तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

भरलेली चीर त्याच जागी परत उघडली तरीही थांबा. दुसऱ्यांदा भरू नका.

ज्याला बोलवाल त्याच्या हातात लेव्हलच्या आकड्यांचा कागद, खडूच्या खुणांचा फोटो आणि प्लास्टिक उचलतानाचा फोटो द्या. यातलं काही न बघता जो थेट स्क्वेअर फुटाचा दर सांगेल त्याला चहा पाजून परत पाठवा. जो आधी जाळी उघडून आत बघेल आणि मग लेव्हल ट्यूब मागेल, त्याच्याशी पैशांचं बोला.